आखूड लिहिण्याची अदब

आपल्या समाजातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक वाद वर्षातून दोन-तीनदा तरी होतोच. एखादा तरुण सकाळी ‘ए ओ ए’ अशी तीन इंग्रजी अक्षरे टाकून मोकळा होतो. ही ‘अस्सलामु अलैकुम’ची आद्याक्षरे. मग कुणी बुजुर्ग हरकत घेतात. सलाम ही दुआ आहे, समोरच्याची सलामती चिंतणे आहे. दुआ कुणी आद्याक्षरांत मागते का, असा त्यांचा सवाल असतो. तरुण म्हणतो, निय्यत बघा, अक्षरे काय मोजता? तिसरा कुणी ‘मोबाईलने पिढी बिघडवली’ असा निकाल देतो, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ‘ए ओ ए’ हजर असते.

या वादात दोन्ही बाजूंची एक समजूत मात्र सारखीच असते. आखूड लिहिण्याची सवय मोबाईलने लावली, हे दोघेही धरून चालतात. इतिहास तसे सांगत नाही. कोणता शब्द छाटावा, कोणता छाटू नये, आणि छाटलेला शब्द वाचताना काय करावे, यावर आपल्या उलेमांनी आठशे वर्षांपूर्वी तपशीलवार लिहून ठेवले आहे. महाराष्ट्रातल्या मोडी कारकुनांनीही हेच काम आपल्या लिपीत केले. हा वारसा समोर ठेवला की आजच्या एलओएल, ओएमजी आणि जेएकेकडे बघण्याची नजर बदलते. निदान माझी तरी बदलली.

हदीसच्या वहीतले ‘ना’

हदीसचा कोणताही जुना संग्रह उघडा. प्रत्येक हदीसआधी सनद असते, म्हणजे ही गोष्ट कुणी कुणाकडून ऐकली त्याची साखळी. या साखळीत दोन शब्द सतत येतात. ‘हद्दसना’, म्हणजे ‘आम्हांला सांगितले’, आणि ‘अख़बरना’, म्हणजे ‘आम्हांला खबर दिली’. एकेका हदीसमागे हे शब्द चार-पाच वेळा येणार, आणि हदीस हजारोंनी लिहायच्या. कागद महाग, बोरू हाताने तासलेला, रात्री दिव्याच्या उजेडात नक्कल करायची. मग कातिबांनी ‘हद्दसना’चे शेपूट तेवढे ठेवले: ‘सना’, कधी नुसते ‘ना’. ‘अख़बरना’चे झाले ‘अना’. ‘काला’, म्हणजे ‘तो म्हणाला’, हा शब्द तर अनेकदा लिहिण्यातून गाळूनच टाकला.

पण याला एक अट होती. दमास्कसचे मोठे हदीसतज्ज्ञ इब्न अस-सलाह (मृत्यू १२४५) यांनी आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात ही सगळी चिन्हे नोंदवली आहेत, आणि गाळलेल्या ‘काला’बद्दल स्पष्ट सांगितले आहे की तो लिहिला नसला तरी वाचणाऱ्याने उच्चारलाच पाहिजे. ‘सना’चेही तसेच. वहीत ‘सना’ असले तरी मजलिसमध्ये वाचताना पूर्ण ‘हद्दसना’ म्हणायचे. हाताला सवलत होती, जिभेला नव्हती. आखूड लिहिणे ही लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातली अमानत होती. मी अर्धे लिहितो, कारण तू ते पूर्ण करशील याची मला खात्री आहे.

पुढे हे तंत्र आणखी नेमके झाले. हदीसच्या रावींचे कोश तयार करताना अल-मिज़्ज़ी (मृत्यू १३४१) आणि इब्न हजर (मृत्यू १४४९) यांनी ग्रंथांच्या नावांसाठी एकेक अक्षर ठरवले. ‘ख़ा’ म्हणजे बुखारी, ‘मीम’ म्हणजे मुस्लिम, ‘दाल’ म्हणजे अबू दाऊद, ‘ता’ म्हणजे तिर्मिज़ी, आणि सहाही संग्रहांसाठी मिळून एकटा ‘ऐन’. रावीच्या नावापाशी एक अक्षर दिसले की त्याची हदीस कुठल्या संग्रहात आहे हे कळे. आजच्या भाषेत हा हॅशटॅग होता.

आणि ही अमानत सांभाळली नाही तर काय होते, याचाही नमुना याच वह्यांत आहे. एक सनद अर्धवट सोडून दुसरी सुरू करायची असेल तर मध्ये ‘हा’ हे एक अक्षर लिहीत. इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात ते पदोपदी दिसते. पण हा ‘हा’ कशाचा? कुणी म्हणाले, ‘तहवील’चा, म्हणजे एका सनदीतून दुसरीकडे वळण्याचा. कुणी म्हणाले, ‘हाइल’चा, म्हणजे दोन सनदींमधल्या आडोशाचा. मग़रिबकडचे लोक तिथे ‘अल-हदीस’ असे वाचत. कुणी नुसते ‘हा’ म्हणून पुढे जात. इब्न अस-सलाह यांच्या काळापर्यंतच त्याच्या पूर्ण रूपाबद्दल एकमत उरले नव्हते. अक्षर टिकले, पण त्यामागचा शब्द हरवला.

हदीसच्या वह्या दूरच्या वाटत असतील तर घरातला कुरआन शरीफ उघडावा. आपल्याकडच्या छापील प्रतींत आयतींच्या वर बारीक मीम, तोय, जीम, ‘ला’ अशी अक्षरे असतात. मीम म्हणजे इथे थांबणे आवश्यक, जीम म्हणजे थांबले तरी चालेल, ‘ला’ म्हणजे थांबू नका. ही पद्धत बाराव्या शतकातल्या अस-सजावंदी यांच्या नावाने ओळखली जाते. समासात दिसणारा ‘ऐन’ हा रुकूचा संक्षेप. त्याच्या वरचा आकडा सूरेतला कितवा रुकू ते सांगतो, मधला त्या रुकूतल्या आयतींची संख्या, आणि खालचा पाऱ्यातला कितवा रुकू ते. मकतबमध्ये जाणारे सात वर्षांचे पोर हे संक्षेप न अडखळता वाचते. त्याला कुणी बिघडलेली पिढी म्हणत नाही.

जिथे लेखणी आखडायची नाही

एवढे सगळे संक्षेप चालवून घेणारे हेच विद्वान एका जागी मात्र हट्टाने अडले. ती जागा म्हणजे प्रेषितांच्या नावापुढचा दरूद. ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’ हे वाक्यही हजारो वेळा लिहावे लागे. काही कातिबांनी त्याचीही चार अक्षरे करून टाकली: साद, लाम, ऐन, मीम. इब्न अस-सलाह यांनी त्यावर बोट ठेवले. दरूद दोन-चार अक्षरांत उरकू नये, आणि पुन्हापुन्हा लिहावा लागतो म्हणून कंटाळूही नये, असे त्यांनी बजावले. पुढे कैरोचे सुयूती (मृत्यू १५०५) यांनी तर एक सांगोवांगी नोंदवून ठेवली, की हा संक्षेप ज्याने प्रथम केला त्याचा हात तोडला गेला. ही दंतकथाच असणार. पण ती सांगणाऱ्यांना कातिबाच्या मनात किती धाक बसवायचा होता, हे तिच्यावरून समजते.

एकच विद्वान, एकच ग्रंथ. ‘हद्दसना’ छाटा म्हणतो, दरूद छाटू नका म्हणतो. मला यात विसंगती दिसत नाही. ‘हद्दसना’ ही माहिती आहे. ती वाचणाऱ्यापर्यंत पोचली की काम झाले. दरूद ही दुआ आहे. ती लिहिणे हीच एक कृती आहे, आणि ती लिहिणाऱ्याच्याच खात्यात जमा होते. माहिती संक्षेपात पोचवता येते. दुआ मात्र लिहिणाऱ्याने स्वतः करायची असते.

सलामलाही हेच लागू होते. अबू दाऊद आणि तिर्मिज़ी यांच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. एकाने येऊन ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटले, तेव्हा प्रेषित म्हणाले, दहा. दुसऱ्याने त्याला ‘व रहमतुल्लाह’ जोडले. ते म्हणाले, वीस. तिसऱ्याने ‘व बरकातुहू’ही जोडले, ते म्हणाले, तीस. म्हणजे सलाम हा आपल्या परंपरेत लांबवण्याने वाढणारा शब्द आहे. ‘ए ओ ए’ बघून बुजुर्गांना जे टोचते ते उगीच नाही.

मोठ्यांचे संक्षेप

पण बुजुर्गांच्या पत्रांचे काय? आपल्याकडच्या जुन्या उर्दू पत्रांचा मायना आठवा. ‘बाद सलाम मसनून’ अर्ज आहे की सर्व खैरियत. या तीन शब्दांचा अर्थ ‘सुन्नतप्रमाणे सलाम झाल्यानंतर’. सलामचे शब्द त्यात नाहीत. सलाम झाला असे धरून पत्र पुढे सरकते. पत्राच्या माथ्यावर ७८६. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला एक मोल असते, आणि पूर्ण बिस्मिल्लाहची बेरीज ७८६ होते. आपल्या उपखंडात ते बिस्मिल्लाहचे चिन्ह होऊन बसले. जुन्या शिळाप्रेस पुस्तकांच्या समासात टीप संपली की १२ हा आकडा असतो. ‘हद्द’ या शब्दाचे मोल बारा: ‘हा’चे आठ, ‘दाल’चे चार. म्हणजे इथे हद्द झाली, टीप संपली.

७८६ लिहिण्यामागे वेळ वाचवणे हा हेतू नव्हता. पत्र फाटते, रद्दीत जाते, पायदळी येते. अल्लाहचे नाव तिथे पडू नये म्हणून आकडा. इथे संक्षेप हीच अदब ठरली. आकडा बिस्मिल्लाहची जागा घेऊ शकत नाही, असे अनेक उलेमांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. पण ज्यांनी तो लिहिला त्यांनी तो आळसाने लिहिला नाही, हेही तितकेच खरे.

गरज म्हणूनही संक्षेप होत. बाराव्या शतकात नूरुद्दीन झंगी यांनी शामच्या मुलखात कबुतरांची टपाल बसवली आणि पुढे मम्लूक सुलतानांनी ती वाढवली. कबुतराच्या अंगावर वजन चालत नाही, म्हणून खास पातळ कागद तयार होई. त्याला ‘पाखराचा कागद’च म्हणत. त्यावर बादशाही उपाध्यांची लांबण, दोन्ही बाजूंचे समास, सजावट काही नसे. शत्रू कुठे आहे, किती आहे, निघालो कधी, एवढाच मजकूर. मोबाईलच्या संदेशाची शिस्त हीच, फक्त टॉवरच्या जागी कबुतरखाना.

आणि तोंडी संक्षेप तर अरबीत व्याकरणाचाच भाग आहे. बिस्मिल्लाह म्हणण्याला ‘बस्मला’, अल्हम्दुलिल्लाह म्हणण्याला ‘हम्दला’, ‘ला हौल व ला कुव्वत’ म्हणण्याला ‘हौकला’. वाक्यातली अक्षरे वेचून एक नवा शब्द घडवण्याच्या या रीतीला ‘नह्त’ म्हणतात, म्हणजे तासणे. पण बारकावा पाहा. ‘बस्मला’ हे बिस्मिल्लाह म्हणण्याच्या कृतीचे नाव आहे. जेवायला बसताना कुणी ‘बस्मला’ म्हणत नाही.

मौ॥, क॥, त॥

आता आपल्या मातीत येऊ. मोडी कागद ज्यांनी पाहिला आहे त्यांना दोन उभ्या रेघा चांगल्या ओळखीच्या असतील. शब्दाचे पहिले अक्षर आणि पुढे दोन दंड, की समजायचे इथे शब्द छाटला आहे. मौ॥ म्हणजे मौजे. क॥ म्हणजे कसबा. त॥ म्हणजे तर्फ. प॥ म्हणजे परगणा. प्र॥ म्हणजे प्रांत. कि॥ म्हणजे किल्ला. यातला एक ‘प्रांत’ सोडला तर बाकी सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. बहमनी आणि आदिलशाही-निजामशाहीच्या दफ्तरांत ते रुजले, आणि मराठी कारकुनाने ते इतके आपले केले की त्यांना पूर्ण लिहिण्याचीही गरज उरली नाही. शब्द छाटून वापरता येतो तेव्हाच तो घरचा झालेला असतो.

लिपीही त्याच गरजेची. मोडी म्हणजे हात न उचलता पळवायची लिपी. तिचे नाव ‘मोडणे’वरून आले असे आपल्याकडे सांगतात. तिकडे फारसी दफ्तरात याच घाईसाठी ‘शिकस्ता’ वळण होते, आणि शिकस्ता या शब्दाचा अर्थही ‘मोडलेले’ असाच. मुघल हिशेबनीस तर ‘सियाक’ आकडे लिहीत. ते आकडे म्हणजे मुळात अरबी संख्याशब्दांचीच छाटलेली, ओळखू न येणारी रूपे.

पण मराठी कारकून काय छाटत नसे, तेही पाहण्यासारखे आहे. सनदेवर, महजरावर सुहूर सन असे, ज्याला आपण मृग साल म्हणतो. तो लिहिताना आकड्यांऐवजी अरबी संख्याशब्द वापरीत. ‘सलास सबैन मया व अलफ’: तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७३, इसवी १७७२-७३. पेशव्यांचा ब्राह्मण कारकून ब्राह्मण सरदाराला पत्र लिहितानाही साल अरबी शब्दांत आणि महिना रमजान किंवा सफर असा लिहीत होता, हे आपल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवे. आणि हा सन शब्दांत का? आकड्यात एक रेघ ओढली की एकाचे दुसरेच होते. शब्दांत खाडाखोड लपत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेला कसबा-परगणा तो दोन दंडांत उरकी, पण ज्यावर हक्क आणि तंटा अवलंबून आहे ते साल अक्षर न अक्षर लिहून काढी. काय छाटायचे याची समज म्हणतात ती ही.

आमच्या भागातल्या एका दर्ग्याच्या इनामाच्या कागदाची नक्कल मी पाहिली आहे. घरात तीन पिढ्या जपलेली. त्या घरात उर्दू वाचणारे होते, मराठी वाचणारे होते, इंग्रजी तर सगळ्यांनाच येत होते. पण मौ॥ आणि क॥ कुणालाच लागत नव्हते, कारण छपाईत बाळबोध आली, शाळेतून मोडी गेली, आणि संक्षेपांची किल्लीही तिच्याबरोबर गेली. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी तो कागद चहा निवायच्या आत वाचून दाखवला. त्यात गाव होते, बिघे होते, कुठल्या सालापासून ते होते. हक्काचा पुरावा ट्रंकेत होता, पण तो उलगडणारा माणूस घरात नव्हता. हदीसच्या वहीतल्या त्या ‘हा’सारखीच गत.

पुढच्या काळातले मराठी पत्रही संक्षेपांनीच सुरू होई. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, आणि ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. शाळेत हे पाठ करून घेत. ज्या पिढीने चार अक्षरांत साष्टांग नमस्कार घातला, तिने एलओएलवर फार रागावू नये.

तारेपासून एकशे साठ अक्षरांपर्यंत

तारेने शब्दाला दर लावला. पैसे शब्दागणिक, म्हणून मजकूर हाडांपर्यंत सोलायचा. शुभेच्छांसाठी टपाल खात्याने ठरावीक वाक्यांना क्रमांक दिले होते. दिवाळीच्या शुभेच्छांना एक, ईद मुबारकला एक. आपण क्रमांक सांगायचा, तिकडे पूर्ण वाक्य उमटायचे. आखूड पाठवा, पूर्ण वाचा: मुहद्दिसांचाच नियम. भारतातली ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

ज्याला आपण आजचे म्हणतो त्यातलेही बरेच जुने आहे. ओएमजी, म्हणजे ‘ओ माय गॉड’, याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १९१७ सालची आहे. ब्रिटनचे माजी नौदलप्रमुख लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते आहे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. एलओएल, म्हणजे मोठ्याने हसणे, हे १९८०च्या दशकात संगणकावर गप्पा मारणाऱ्यांत रूढ झाले आणि १९८९च्या एका संगणकीय पत्रिकेत त्याचा अर्थ दिलेला सापडतो. २०११ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने दोन्हींना जागा दिली.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. एका संदेशाला १४० बाइटांची जागा ठरली होती. त्यात रोमन लिपीची १६० अक्षरे बसत. मराठी, उर्दू, अरबी लिहायचे तर फक्त ७०, आणि देवनागरीत काना-मात्रा-वेलांटीही वेगळी मोजली जाई. म्हणजे आपल्या लिपीत लिहिणाऱ्याला तेवढ्याच पैशांत निम्म्याहून कमी जागा. शिवाय सुरुवातीच्या बहुतेक फोनांवर आपली अक्षरे उमटतच नसत. आपण रोमनमध्ये गेलो त्यामागे इंग्रजीच्या मोहाइतकाच हा हिशेबही होता.

अरब तरुणांचीही तीच अडचण. त्यांनी रोमन अक्षरांत आकडे मिसळले. इंग्रजी ३ हा आकडा ‘ऐन’ची आरशातली प्रतिमा वाटतो, म्हणून ऐनसाठी ३, ७ हा मोठ्या ‘हा’सारखा दिसतो, म्हणून त्यासाठी ७, हम्ज़ासाठी २. या लिहिण्याला ‘अरबीज़ी’ असे नावही पडले. आपल्या मराठी पोरांनी याच धर्तीवर इंग्रजी ‘जे’ हे अक्षर आणि पुढे १ हा आकडा लिहिला: जे-वन. जेवण झाले का? एका अक्षरात आणि एका आकड्यात आईची चौकशी बसवणारी ही मुले भाषेशी वैर धरणारी वाटत नाहीत मला.

आणि ‘ए ओ ए’? जुन्या बटनांच्या फोनवर एका बटनात तीन-चार अक्षरे असत. ‘एस’ उमटवायला एकच बटन चार वेळा दाबावे लागे. रोमनमध्ये पूर्ण ‘अस्सलामु अलैकुम’ लिहायला मी मोजून पाहिले, मधल्या जागेसह एकतीस वेळा बोट दाबावे लागते. ‘ए ओ ए’ला पाच वेळा. तेव्हा तो संक्षेप समजण्यासारखा होता. आता पूर्ण कळफलक आला, पहिली दोन अक्षरे लिहिताच फोन पुढचा शब्द सुचवतो, संदेश लांबला म्हणून जादा पैसेही पडत नाहीत. म्हणजे कारण संपले आणि सवय उरली.

काय समजून घ्यावे, कुठे वापरावे

ज्यांना ही अक्षरे कोडी वाटतात त्यांच्यासाठी थोडक्यात. बीआरबी: आलोच. आयडीके: मला माहीत नाही. टीबीएच: खरे सांगायचे तर. एफवायआय: आपल्या माहितीसाठी. एएसएपी: शक्य तितक्या लवकर. टीसी: काळजी घे. डीएम: गटावर नको, मला खासगीत लिही. एसएमएच: कपाळावर हात. नुसता ‘के’: ठीक, पण तरुणांत हा ‘के’ तुटक, रागातला समजतात, तेव्हा मुलीने लांब संदेश पाठवल्यावर वडिलांनी एकटा ‘के’ पाठवू नये. ही सगळी माहिती किंवा मूड आहे. ओळखीत, गप्पांत खुशाल वापरावी.

अर्थ नक्की ठाऊक नसेल तर मात्र न वापरलेली बरी. ब्रिटनचे पंतप्रधान असलेले डेव्हिड कॅमेरॉन एलओएल म्हणजे ‘खूप प्रेम’ समजून संदेशाखाली सहीसारखे लिहीत, असे पत्रकार रिबेका ब्रुक्स यांनी २०१२ मध्ये एका चौकशी आयोगासमोर सांगितले, आणि जग हसले. आपल्या गटावर मय्यतीच्या बातमीखाली कुणी असेच एलओएल टाकले तर कुणी हसणार नाही.

आपल्या खास संक्षेपांत एक धोका आणखी आहे. जेएके म्हणजे जज़ाकल्लाह, आयए म्हणजे इन्शाअल्लाह, एसडब्ल्यूटी म्हणजे सुब्हानहू व तआला, हे एकवेळ ठीक. पण ‘आरए’ हे सहाबींसाठीच्या ‘रज़ियल्लाहु अन्हु’लाही वापरतात आणि नंतरच्या बुजुर्गांसाठीच्या ‘रहमतुल्लाहि अलैह’लाही. जुन्या कातिबांनी हे दोन वेगळे ठेवले होते: सहाबींसाठी ‘रा-ज़ाद’, नंतरच्यांसाठी ‘रा-हा’. आपल्या मराठी इस्लामी पुस्तकांतही ‘रजि.’ आणि ‘रह.’ असा भेद नीट पाळतात. इंग्रजी आद्याक्षरांनी तो पुसला. वाचणाऱ्या मुलाला ती व्यक्ती प्रेषितांच्या सोबतची की पाचशे वर्षांनंतरची, हे कळायला मार्ग उरत नाही. जुने संक्षेप नुसते आखूड नव्हते, ते नेमके होते.

म्हणून मी माझ्यापुरता हिशेब असा ठेवला आहे. वाचणारा हे पूर्ण करू शकेल का? शकणार असेल तर आखूड. ही माहिती आहे की दुआ? माहिती असेल तर आखूड. सलाम, दरूद, ‘इन्ना लिल्लाह’ आणि जज़ाकल्लाह असेल तर पूर्ण. कुणाच्या घरात मय्यत झाली असताना आपण दुःखात सामील आहोत हे कळवायला तीन अक्षरे खर्चणे कंजूषपणाचे आहे. तिथे दोन ओळी लिहाव्यात, मृताचे नाव घ्यावे. आणि तिसरे, हा मजकूर दहा वर्षांनी कुणाला लागणार आहे का? गाव जमातीचे ठराव, ट्रस्टचे हिशेब, निकाहच्या नोंदी, जमिनीचे व्यवहार आता याच फोनवरून चालतात. तिथे मोडी कारकुनाचा धडा घ्यावा: साल, रक्कम, नाव, नाते पूर्ण आणि शब्दांत.

गंमत अशी की बुजुर्ग आणि तरुण यांचा झगडा तंत्रज्ञानाने कधीच मिटवला आहे. जगभरच्या संगणकांत अक्षरांसाठी जी युनिकोड नावाची सामाईक यादी आहे, तिच्यात पूर्ण दरूदला स्वतंत्र जागा आहे. एकच चिन्ह, पण उलगडले की मधल्या मोकळ्या जागांसह अरबीतली अठरा अक्षरे, एकही न छाटता. तशीच एका चिन्हात संपूर्ण बिस्मिल्लाह. शिवाय कोणत्याही स्मार्टफोनच्या कळफलकात अशी सोय असते की आपण ठरवलेली दोन अक्षरे लिहिली की पूर्ण वाक्य उमटावे. ‘सल’ लिहा, पूर्ण सलाम उमटेल, ‘व बरकातुहू’सकट. सात-आठशे वर्षांपूर्वी मुहद्दिस जे वाचणाऱ्याच्या जिभेवर सोपवत होते ते आता फोन करतो.

ज्या घरात ही सोय अजून लावलेली नाही तिथे मुलांनी आज रात्रीच आजोबांच्या फोनमध्ये ती लावून द्यावी. आणि आजोबांनी बदल्यात त्यांना कुरआनच्या समासातला तो ‘ऐन’ आणि त्याचे तीन आकडे वाचायला शिकवावेत.